पन्नास वर्षे आणि एक ओहोटी

पनवेल कोळीवाडा,
मंगळवार, १३ डिसेंबर २०११

तीर्थरूप काशिराममामांना,

प्रितमचा वाकून नमस्कार. इकडे आई, मी आणि मांजर तिघेही खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? मामीची दाढ काढली, की अजून नुसती दुखतेच आहे? मोनालीचा दहावीचा फॉर्म भरला असेलच. (नसेल भरला तर आधी तो भरा आणि मग हे पत्र वाचा. पत्राला शेवटची तारीख नसते, फॉर्मला असते.)

तुम्ही म्हणाल, खिशात मोबाईल असताना ह्या पोराला पत्राची हुक्की का आली. पण तुम्ही उरणहून बोट घेऊन बाहेर पडलात की तुमचा फोन लागत नाही, आणि लागतो तेव्हा नेमकी माझ्या शेजारी आई उभी असते. शिवाय परवा रविवारी इथे जे झालं ते फोनवर सांगायला घेतलं, तर शर्यत सुरू होण्याआधीच माझा बॅलन्स संपेल.

मोठी बातमी आधीच सांगतो, नाहीतर मला नीट लिहिता यायचं नाही. मामा, मी क्लबचा सभासद होणार आहे! नोकर नव्हे, सभासद! होणार म्हणजे जवळजवळ झालोच आहे. एकच अट राहिली आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

हे आधी तुम्हालाच लिहितो आहे, कारण तुमच्याइतकं ह्याचं महत्त्व दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. तुम्हाला तो सागवानी फळा आठवत असेल, क्लबच्या ओसरीवर टांगलेला, ज्यावर पांढऱ्या रंगात सगळ्या सभासदांची नावं आहेत. एकशे बारा नावं आहेत. डॉक्टर आहेत, वकील आहेत, भातगिरणीवाले आहेत, बँकेतले आहेत. क्लबचा धक्का आपल्या कोळीवाड्याला चिकटून आहे, आपल्या जाळ्यांची सावली त्यांच्या कॅरम बोर्डावर पडते, पण फळ्यावर कोळीवाड्याचं एक नाव नाही. मी तिथे चार वर्षं दोर धरतो, शिडं वाळवतो, आणि नववीत शाळा सुटूनही अक्षर बरं आहे म्हणून नोंदवही लिहितो. दर रविवारी तो फळा पुसताना मी मनातल्या मनात एकशे तेरावी ओळ लिहीत आलो आहे. आणि सुवर्णमहोत्सवाच्या पुस्तिकेसाठी जुन्या फायली काढल्या तेव्हा १९८४ सालचा एक अर्ज सापडला. अर्जदार काशिराम, धंदा मासेमारी. वर लाल शाईत शेरा होता, ‘पुढील सभेत विचार व्हावा’. मामा, तुम्ही हे कधी बोलला नाहीत. मी तो कागद घरी नेऊन ठेवला, कुणाला दाखवला नाही, पण त्या दिवशी मी जेवलो नाही हे आईला विचारा. (कारण विचारू नका. तिला मी पोट बिघडलं असं सांगितलं आहे.)

असो. आता सुरुवातीपासून.

क्लबला यंदा पन्नास वर्षं झाली. तुम्हाला इतिहास ठाऊक आहे, पण पुस्तिकेसाठी मी तो चार वेळा लिहिला असल्यामुळे पाचव्यांदा लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. १९६१ साली एका वकीलसाहेबांनी मासिकात विलायतेतल्या यॉट क्लबचं चित्र पाहिलं आणि ठरवलं, की पनवेललाही खाडी आहे, तर आपलाही असलाच पाहिजे. बद्रुद्दीन शेठच्या वडिलांची लाकडाची वखार होती, त्यांनी सागवान दिलं. चित्र आपल्या वाडीतल्या सुतारांना दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट बघितलं, मान हलवली आणि त्यांना जे येत होतं ते बांधलं, म्हणजे मासेमारीचा मचवा. तो पांढरा रंगवला, वकीलसाहेबांच्या पत्नीचं नाव दिलं, आणि ‘सुमती’ ही पनवेलची पहिली यॉट झाली. तिच्यातून आजही सुक्या बोंबलांचा वास येतो, आणि पुढे मुंबईहून आणलेल्या चार चकचकीत बोटींपेक्षा तीच सरळ चालते. एकशे बारा सभासदांपैकी बोटीत बसतात नऊ. बाकीचे एकशे तीन संध्याकाळी वारा खातात, कॅरम खेळतात, ईदला बद्रुद्दीन शेठकडचा शीरखुर्मा आणि संक्रांतीला धक्क्यावरच्या हळदीकुंकवाचा तिळगूळ खातात, आणि घरी जाऊन आज सेलिंगला गेलो होतो असं सांगतात. मला हे फार आवडतं. खरंच सांगतो, इतकी आनंदी माणसं इतक्या कमी पाण्यात मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

सुवर्णमहोत्सवी शर्यत ११ डिसेंबरला ठरली, कारण शनिवारी दत्तजयंती आणि वर ग्रहण. वेळ मी काढली. रविवार म्हणजे प्रतिपदा, तिथीची पाऊणपट केली की पाऊण वाजता भरती, आपल्या खाडीला अर्धा तास उशीर धरला की सव्वा. म्हणजे सव्वाबाराला शर्यत सोडायची, दोनच्या आत सगळ्या बोटी परत. तीनदा हिशेब केला, छापील तक्त्याशी ताडून पाहिला, आणि वसुंधरामॅडमना दिला. त्या क्लबच्या चिटणीस आहेत, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, त्यांच्यासमोर मला अजून उभं राहूनच बोलता येतं.

मॅडम म्हणाल्या, “सव्वाबारा बरोबर आहे. पण कार्डावर दहा छाप. आपले चीफ गेस्ट कुठेही दोन तास लेटच येतात, मी तीन फंक्शन्स बघितली आहेत.”

मी दहा छापलं. ही पहिली चूक, आणि ती गणिताची नव्हती.

पाहुणेसाहेब म्हणजे बंदर खात्यातले मोठे अधिकारी. क्लबचे अध्यक्ष बद्रुद्दीन शेठ, वय वर्षं शहात्तर, स्वभावाने इतके अदबशीर की पाहुण्याला ताटकळत ठेवणं त्यांना पाप वाटतं. त्यांनी गुपचूप साहेबांना फोन केला, “कार्डावर दहा आहे, पण तुम्ही घाई करू नका जनाब, बाराला आरामात या.” हे त्यांनी मॅडमना सांगितलं नाही, कारण मॅडम रागावतील. साहेबांच्या स्वीय सहायकाने ‘बारा’ ऐकलं आणि आपल्या अनुभवाने डायरीत दोन लिहिलं. ड्रायव्हरने ‘दोन’ ऐकलं आणि वाटेत कर्नाळ्याला गाडी थांबवून साहेबांना पक्षी दाखवले. (पक्षी त्या वेळेला झोपलेले असतात, तरी साहेब तासभर थांबले.) म्हणजे बघा मामा, प्रत्येकाने दुसऱ्याच्या उशिराची काळजी घेतली. काळजी घेतली नाही ती फक्त खाडीने.

सव्वाबाराला खाडी काठोकाठ भरली होती. इतकं देखणं पाणी मी वर्षात पाहिलं नव्हतं! पाच बोटी शिडं उभारून तयार, धक्क्यावर पताका, लाऊडस्पीकर, खुर्च्यांना पांढरी कापडं. पण पाहुण्यांनी नारळ सोडल्याशिवाय आणि झेंडा हलवल्याशिवाय आमच्याकडे शर्यत सुटत नाही, हा १९६१ पासूनचा रिवाज. मी एकला मॅडमना म्हटलं, पाणी फिरणार. दीडला म्हटलं, पाणी फिरलं. दोनला म्हटलं, पाणी चाललं. मॅडम म्हणाल्या, “प्रितम, मला दिसतंय. पॅनिक होऊ नकोस.” त्या स्वतः साडीचा पदर पिळत होत्या.

तीनला पाच मिनिटं कमी असताना साहेब आले. हार, श्रीफळ, शाल, आणि तीन बाविसाला झेंडा हलला. तेही ठीक होतं, पण साहेबांना बोटींचा इतका उमाळा आला की ते म्हणाले, “मी धक्क्यावर बसणार नाही. मी शर्यतीत जाणार!” आणि पांढऱ्या पँटीसकट ‘सुमती’त जाऊन बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी नोंदवहीत लिहिलं: ‘३.२२. झेंडा. पाच बोटी रेषा ओलांडून गेल्या.’ त्याच वेळी आपली भीमामावशी आणि तिच्याबरोबरच्या तिघी, चिखलातले निवट्या मासे पकडायला निघालेल्या, चिखलावर सरकायच्या लाकडी फळ्या घेऊन किनाऱ्याच्या कडेने त्याच रेषेवरून गेल्या. मी तेही लिहिलं. माझी सवय तुम्हाला माहीत आहे, रेषेवरून बगळा गेला तरी मी लिहितो.

वळायची खूण म्हणजे समोरच्या कांदळवनाच्या टोकाला नांगरलेलं पिवळं पिंप. बोटी तिथवर मजेत गेल्या, कारण ओहोटीच त्यांना ओढत होती. लोक ओरडत होते, वाहवा, काय वेग! वळल्या, आणि मग काहीच झालं नाही. आधी नव्या चार बोटी थांबल्या, एकामागून एक, जशी माणसं लग्नात पंगतीला बसतात. ‘सुमती’ दहा हात जास्त आली आणि तीही बसली. पौर्णिमेच्या नंतरची ओहोटी ती, बघता बघता पाणी बोटींच्या खालून निघून गेलं आणि पाचही यॉट चकचकीत काळ्या चिखलात, शिडं फुगवून, शंभर वावांवर उभ्या राहिल्या. दुसरं पाणी यायला रात्रीचे दहा वाजणार होते.

बद्रुद्दीन शेठ उठले. मला वाटलं, आता हे क्षमा मागणार. त्यांनी माइक हातात घेतला आणि क्लबचा इतिहास वाचायला सुरुवात केली! मी लिहिलेला, पूर्ण एकवीस पानं. “मोहतरम पाहुणे, आपण बोटीत आहात, आम्ही इथे आहोत, पण वेळ आपल्या दोघांकडेही आहे.” मामा, पन्नास वर्षांत त्या क्लबमध्ये भाषण संपेपर्यंत कुणी बसून राहिलेलं नाही. त्या दिवशी राहिले. चौथ्या पानावर, आपल्या वाडीतल्या सुतारांचा उल्लेख आला तिथे, ‘सुमती’तून साहेबांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

पण अकराव्या पानावर त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी एक पाय बोटीबाहेर काढला. चिखलात. मी ओरडलो, “साहेब, नको! कमरेपर्यंत जाल!” त्यांना इतिहासामुळे ऐकू आलं नाही. मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. मी नोंदवही खुर्चीवर ठेवली (पान दुमडून), दोर कमरेला बांधला (दुसरं टोक कुणाच्या हातात द्यायचं राहून गेलं) आणि धक्क्यावरून उडी मारली. सहा पावलं गेलो आणि कमरेपर्यंत रुतलो. मागे येता येईना, पुढे जाता येईना. धक्क्यावर बायका ‘अगं बाई’ म्हणाल्या. मॅडमनी माइक ओढून घेतला आणि म्हणाल्या, “प्रितम, शाब्बास! होल्ड ऑन!” इतकं सगळ्यांसमोर कुणी मला शाब्बास म्हटलेलं नव्हतं. मी रुतलेल्या अवस्थेतही ताठ झालो, त्यामुळे आणखी वीतभर खाली गेलो.

तेवढ्यात पिंपाच्या पलीकडून भीमामावशी आली. एक गुडघा फळीवर, दुसऱ्या पायाने चिखल ढकलत, सर्रकन, जणू खाडी तिची ओसरी आहे. पाचही बोटींच्या मधून गेली. कुणाकडे बघितलं नाही. ‘सुमती’पाशी थांबली आणि साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. (तिथलं बोलणं मला नंतर तिनेच सांगितलं.)

“काय वो सायेब, बोट आनली का बैलगाडी?”

साहेब म्हणाले, “मावशी, मला काठाला पोहोचवता का?”

“पोचवतं. पन हलायचा नाय. आनि ती शाल द्या इकडं, निवट्यांवर घालतं, उनात मरतात.”

शाल निवट्यांवर गेली. साहेब फळीवर मांडी घालून बसले, टोपली मांडीवर, आणि मावशीने त्यांना ढकलत शंभर वाव आणलं. वाटेत माझ्याजवळ थांबून तिने माझी कॉलर धरून मला उपसलं. “आनि तू रं मडक्या? तुला कोनी सांगितला उतरायला? आमी मेलो व्हतो का?” मी फळीच्या मागच्या टोकाला लोंबकळत धक्क्यावर पोहोचलो. वेळ चार वाजून एकोणपन्नास मिनिटं. (चिखलातून बाहेर आल्यावर मी आधी नोंदवही उघडली. पानाला डाग पडला, त्याचं वाईट वाटतं.)

आणि आता ऐका! बक्षीस कुणाला द्यायचं ह्यावर चर्चा निघाली. बोटी तर तिथेच. मी घाबरत घाबरत नियमावली पुढे केली. नियम चौदा, १९६१ सालचा: ‘इंजिन नसलेले, लाकडी, किमान एक माणूस बसलेले असे कोणतेही तरते वाहन, आरंभरेषेवरून निघून खुणेला वळसा घालून प्रथम परत येईल, ते विजयी.’ आणि नोंदवहीत होतं की तीन बाविसाला भीमामावशीने रेषा ओलांडली. निवट्यांची जागा पिंपाच्या पलीकडे, म्हणजे वळसाही झाला.

मॅडम म्हणाल्या, “पण फळी हे वाहन नाही. टेक्निकली.”

साहेब पाय धूत होते, तिथून म्हणाले, “मॅडम, मी तिच्यावरून आलोय.”

“तरते हवे, असं लिहिलंय.”

मावशी म्हणाली, “अवो बाई, लाकूड तरनार नाय तं काय बुडनार?”

झालं! पाच बोटींमधल्या नऊ सभासदांनी लांबून हात वर करून ठराव मंजूर केला. (त्यांना फळ्या हव्या होत्या.) पण करंडक फक्त सभासदाला देता येतो, हा नियम दोन. साहेबांनी विचारलं, “मग ह्या सभासद का नाहीत? इथल्याच ना?” मॅडम खाली बघत होत्या. बद्रुद्दीन शेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“खरं सांगू जनाब,” ते म्हणाले, “नियमात मनाई नाही. आम्हीच कधी विचारलं नाही. आमची चूक आहे.”

आणि तिथल्या तिथे, पांढऱ्या कापडाच्या खुर्च्यांवर, सभा भरली. भीमामावशीला सभासद करायचं ठरलं. मग शेठ माझ्याकडे वळले. मी चिखलाने वाळत होतो, हलताना करकर आवाज येत होता. “आणि हा बेटा, जो सगळ्यात आधी उतरला?” मॅडम म्हणाल्या, “मी सूचक.” वसुंधरामॅडम, मामा! मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, की १९८४ सालचा एक अर्ज पुढच्या सभेसाठी ठेवलेला आहे. मी तो घरून आणून दाखवला. शेठनी लाल शेरा वाचला. अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी माझं पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं, ‘मंजूर. उशिराबद्दल माफी.’ तुमचा नंबर एकशे तेरा आहे, मावशीचा एकशे चौदा, माझा एकशे पंधरा. मला वाटलं होतं एकशे तेरावी ओळ माझी असेल, पण ती तुमची आहे हे कळलं तेव्हा मी ओसरीच्या मागे जाऊन थोडा रडलो. फळा रंगवणारा ९ जानेवारीला येणार आहे.

आता ती अट. नियम तीन प्रमाणे प्रत्येक नव्या सभासदाला खाडीत पन्नास मीटर पोहून दाखवावं लागतं. आपल्या तिघांची परीक्षा ८ जानेवारीला, चतुर्दशी, साडेदहाची भरती, म्हणजे आपल्याकडे अकरा. मॅडम हसून म्हणाल्या, “कोळीवाड्यातल्या माणसांची कसली टेस्ट! नुसती फॉर्मॅलिटी.” शेठ म्हणाले, उलट सभासदांची मुलं काठावर बसवू, प्रितम त्यांना हात कसे मारायचे ते दाखवेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मामीला नमस्कार, मोनालीला अभ्यासाला बसायला सांगा. गुडघ्याला जपा, कारण तुमच्या गुडघ्याशी आता माझंही काम आहे.

आपला आज्ञाधारक भाचा,
प्रितम

ता. क. मामा, मला पोहता येत नाही. लहानपणी ज्योतिषाने आईला सांगितलं होतं, ह्याला पाण्याचा घात आहे. म्हणून तिने मला कधी उतरू दिलं नाही, आणि वाडीत सांगितलं की ह्याचा कान फुटतो. कोळ्याच्या पोराला पोहता येतं का, हे मला तेवीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही. मी सुट्टी टाकून २४ तारखेला उरणला येतो. मला कुणी ओळखत नाही अशा जागी शिकवा. आईला मी सांगितलं आहे की तुमची जाळी विणायला जातो.

ता. क. २. त्या दिवशी मी धाडसाने उडी मारली असं सगळे म्हणतात. पाणी असतं तर मारली नसती. कृपया हे कुणाला सांगू नका.

ता. क. ३. हे पत्र लिहिताना भीमामावशी आली. तिच्यापासून लपवता आलं नाही. ती म्हणाली, “मंग मला तरी कुठं येतं? पानी असला का मी कशाला जाऊ खाडीत?” तर २४ तारखेला आम्ही दोघं येतो. निवट्या ती आणेल.

ता. क. ४. पाकीट चिकटवणार इतक्यात बद्रुद्दीन शेठ स्वतः घरी आले आणि दार लावून घेतलं. पाहुणेसाहेबांचा फोन होता म्हणे. ८ जानेवारीला ते येणार आहेत, आणि सुवर्णमहोत्सव म्हणून परीक्षेआधी त्यांनी आणि अध्यक्षांनी मिळून एक फेरी पोहायची, असं त्यांनी जाहीर केलं आहे. शेठ एकतीस वर्षं परीक्षक आहेत, खुर्चीत बसून शिट्टी वाजवतात. त्यांनी मला विचारलं, “बेटा, तुझे मामा शहात्तर वर्षांच्या माणसाला घेतील का?” तर मामा, तिघांची सोय करा. शेठना आधी उतरवा, कारण आम्हाला पास त्यांनीच करायचं आहे.